छतावरचा चांद आणि जहाजावरचं रडार

मागच्या रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आमच्या कन्हानच्या घराच्या छतावर दरवर्षीसारखीच गर्दी होती. पश्चिमेला नदी, नदीपलीकडे कामठी, आणि मधल्या हवेत कोळशाच्या धुळीचा नेहमीचा थर. खालचं आभाळ राखाडी. लहान मुलं पाण्याच्या टाकीवर चढली होती. जो जास्त उंच चढेल त्याला चांद आधी दिसतो, असा त्यांचा ठाम समज. आम्हीही लहानपणी तसंच समजायचो.

माझा भाचा मात्र टाकीवर चढला नाही. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. कठड्याला टेकून गप्प उभा होता. चांद दिसला, मुबारकबाद झाली, बायका शीरखुर्म्याच्या तयारीला खाली गेल्या, पोरं फटाक्यांच्या मागे पळाली, तरी हा वरच. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मामू, सेमिनारचा विषय बदलतोय."

जानेवारीत मुंबईला आयएनएस सुरत नौदलात दाखल झाली, ते त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. त्या जहाजाच्या मनोऱ्यावरचे चौकोनी फलक पाहून त्याला प्रश्न पडला आणि त्यानं तोच सेमिनारला घेतला : लांब पल्ल्याचं रडार जहाजावर बसवणं कितपत शक्य आहे? विषय मंजूर झाला. मग एक दिवस वर्गातला एक मित्र हसत हसत म्हणाला, "तुले कायले पाह्यजे बे हे? कोणाले पाठवून राहिला?"

सगळे हसले. भाचाही हसला. मित्र वाईट नाही, ईदला घरी जेवायला येतो. पण घरी आल्यावर यानं ती गोष्ट सांगितली आणि माझ्या आपानं ती धरून ठेवली. "जहाज, रडार, मिसाइल, असलं काही मोबाइलवर शोधू नकोस. आपलं नाव बघ आणि विषय बघ. दुसरं काही घे." त्यालाही ते पटलं असावं. तीन आठवडे त्यानं त्या विषयाचं एक पान वाचलं नव्हतं. ईदनंतर तो सौर पथदिव्यांवर बोलणार होता.

सौर पथदिवेही चांगले. पण ज्याला रडार शिकायचंय त्यानं भीतीपोटी पथदिव्यावर बोलावं, हे मला गिळता येईना. मी शाळेत विज्ञान शिकवतो. रडारबद्दल मला पाठ्यपुस्तकातल्या प्रतिध्वनीपलीकडे फारसं येत नव्हतं. तरी म्हटलं, "ईदनंतर तीन संध्याकाळी मला दे. आपण दोघं मिळून वाचू. मग तुला बदलायचा तर बदल."

पुढे जे लिहितोय ते त्या तीन संध्याकाळींचं आहे. आमच्यासारखं दुसऱ्या कुणाच्या घरातही असंच काही चाललं असेल, म्हणून लिहितोय.

पहिल्या संध्याकाळी आम्ही टाकीवर चढणाऱ्या पोरांपासूनच सुरुवात केली. चांद दिसणं न दिसणं हे मुख्यतः त्याच्या वयावर आणि हवेवर असतं, टाकीच्या उंचीनं त्यात फार फरक पडत नाही. पण जमिनीवरच्या किंवा पाण्यावरच्या वस्तूंच्या बाबतीत पोरांचा समज अगदी बरोबर आहे. पृथ्वी गोल आहे. तुम्ही जितके उंच, तितकं क्षितिज लांब. रडारच्या लहरीही जवळजवळ सरळ जातात. हवेमुळे थोड्या खाली वाकतात, म्हणून डोळ्यापेक्षा रडारला जरा लांबचं दिसतं, इतकंच.

याचा हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण चारानं गुणा. येईल ते क्षितिजाचं अंतर, किलोमीटरमध्ये. समोरच्या वस्तूच्या उंचीचंही तसंच करा आणि दोन्हींची बेरीज करा. जहाजाच्या मनोऱ्यावर २५ मीटर उंचीला अँटेना आहे असं धरू. २५ चं वर्गमूळ ५, गुणिले ४, म्हणजे २० किलोमीटर. समोर दहा हजार मीटर उंचीवरून विमान येतंय. वर्गमूळ १००, गुणिले ४, म्हणजे ४००. एकूण ४२० किलोमीटरवर ते विमान क्षितिजाच्या वर येतं. ताकद पुरत असेल तर रडारला ते दिसू शकतं.

आता तेच जहाज, तेच रडार. समोरून विमानाऐवजी पाण्याला जवळजवळ चिकटून, चार मीटर उंचीवरून क्षेपणास्त्र येतंय. वर्गमूळ २, गुणिले ४, म्हणजे ८. अधिक २०. फक्त २८ किलोमीटर!

भाच्यानं वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. ४२० आणि २८. बराच वेळ तो त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे लांब पल्ल्याचं रडार जवळच्यासाठी आंधळं असतं?" आंधळं नाही, मी म्हटलं. मध्ये पृथ्वीचाच फुगवटा येतो. रडार कितीही ताकदवान केलं तरी तो फुगवटा हटत नाही.

क्षेपणास्त्र आवाजाच्या वेगाच्या जरा खाली असेल, तर सेकंदाला जवळपास ३०० मीटर येतं. २८ किलोमीटरला दीड मिनिट. दीड मिनिटात ओळखायचं, ठरवायचं, आपलं क्षेपणास्त्र सोडायचं. मनोरा दुप्पट केला, ५० मीटर, तर? भाच्यानं लगेच गणित केलं. क्षितिज २० वरून २८ झालं. आठ किलोमीटर वाढले, म्हणजे सत्तावीस सेकंद. दुप्पट उंच मनोऱ्याच्या बदल्यात सत्तावीस सेकंद. युद्धनौका बांधणारे त्याच सेकंदांसाठी भांडत असतात.

मग मनोरा हवा तेवढा उंच का करत नाहीत? याचं उत्तर कन्हानच्या माणसाला पुस्तकात शोधावं लागत नाही. अब्बा कोळसा खाणीत फिटर होते. आमच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जन्मापासून बघतोय. फाळक्यांच्या वर रास भरलेला ट्रक सरळ रस्त्यावर नीट जातो, वळणावर मात्र बघणाऱ्याचा श्वास अडकतो. वजन तेवढंच असलं तरी ते वर गेलेलं असतं. जहाजाला तर वळणाचीही गरज नाही, लाट पुरते. मनोऱ्याच्या टोकावरच्या एका टनाचा जहाजाच्या तोलावर जो परिणाम होतो, तो तळाशी ठेवलेल्या कित्येक टनांनी भरून काढावा लागतो. स्वीडनचं वासा हे जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदरापासून जेमतेम सव्वा किलोमीटरवर बुडालं. रडारचा तेव्हा प्रश्नच नव्हता. वरचा भार जास्त झाला होता, एवढंच.

म्हणून दोन देशांनी दोन वाटा धरल्या. अमेरिकेनं आपल्या विनाशिकांवर एसपीवाय-१ जातीच्या रडारचे चार मोठे, जड, स्थिर फलक बसवले, पण ते डेकवरच्या खोल्यांच्या भिंतींवर, तुलनेनं खाली. ताकद मिळाली, उंची गेली. ब्रिटिशांनी टाइप-४५ विनाशिकांवर सॅम्पसन रडार उंच मनोऱ्याच्या टोकाला ठेवलं. वजन आटोक्यात राहावं म्हणून चाराऐवजी दोनच फलक घेतले आणि ते गोल फिरते ठेवले. दोघांनाही हवं ते सगळं मिळालं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आपा चहा घेऊन वर आली आणि न बोलता जरा लांब बसली. तिनं काही विचारलं नाही, आम्हीही काही म्हटलं नाही.

त्या दिवशीचा विषय होता ताकद. रडारची लहर जाताना पसरत जाते. अंतर दुप्पट झालं की ती चार पट विरळ होते. वस्तूवर आपटून परत येताना प्रतिध्वनी पुन्हा तसाच पसरतो, आणखी चार पट. म्हणजे दुप्पट अंतरावरच्या त्याच विमानाचा प्रतिध्वनी सोळा पट दुबळा. बाकी सगळं तेच ठेवून पल्ला दुप्पट करायचा तर सोळा पट ताकद लागते. जमिनीवरच्या रडारला विजेची लाइन ओढता येते. नागपूरला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, ते कुठे हलत नाही, त्याला कुणावर गोळ्या झाडायच्या नाहीत. जहाजाला मात्र आपली वीज आपणच करायची. त्याच जनित्रांवर दिवे, पंप, तोफा, संगणक आणि खलाशांचं जेवणसुद्धा.

शिवाय जेवढी वीज रडारला द्यावी तेवढी लहरींच्या रूपानं बाहेर पडत नाही. मोठा हिस्सा उष्णता होऊन फलकातच राहतो. आजच्या रडारच्या फलकामागे शेकडो, कधी हजारो छोटे प्रक्षेपक असतात. ते तापले की बिघडतात, म्हणून त्यांना थंडगार द्रव फिरवून गार ठेवावं लागतं. त्यासाठी पंप आणि नळ्या आल्या, थंड करणारी यंत्रं आली, आणि त्यांनाही पुन्हा वीज. मे महिन्यात नागपूरकर एका खोलीसाठी कूलर लावतो आणि त्या कूलरचं पाणी भरण्यातच अर्धा जीव जातो, तसंच काहीसं.

तिसरी अडचण आकाराची. टॉर्चचा झोत अरुंद हवा तर परावर्तक मोठा लागतो. रडारचंही तसंच, आणि किती मोठा ते लहरीच्या लांबीवर ठरतं. लांब पल्ल्याच्या टेहळणीसाठी एल-बँड चांगला, पावसातून तो सहसा अडत नाही. त्याची लहर साधारण २३ सेंटिमीटरची. तिचा झोत एक अंश रुंदीचा करायचा तर अँटेना १६ मीटरच्या आसपास रुंद हवी, एखाद्या मोठ्या ट्रेलरएवढी. ती मनोऱ्यावर गरगर फिरवायची! एक्स-बँडची लहर तीन सेंटिमीटरची, तिथे दोन मीटरमध्ये भागतं. पण ती पावसात जास्त विरते. म्हणून बऱ्याच नौदलांनी मधला एस-बँड धरला, किंवा एल-बँडची अँटेना निम्म्यावर आणून दुप्पट रुंद झोत पत्करला.

एक अंश म्हणजे थोडा वाटतो. पण २०० किलोमीटरवर एका अंशाची रुंदी साडेतीन किलोमीटर होते. जहाज लाटेवर एक अंश कललं आणि रडारला ते कळलं नाही, तर विमान जिथे आहे त्याच्या साडेतीन किलोमीटर वर किंवा खाली दाखवलं जाईल. म्हणून जहाजाच्या प्रत्येक डोलण्याची नोंद घेऊन झोत तेवढाच उलट वळवावा लागतो. पूर्वी अख्खी अँटेना यंत्रानं तोलून धरायचे. आता स्थिर फलकात हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं, सेकंदाच्या अगदी छोट्या भागात होतं. त्यात समुद्राच्या लाटाही प्रतिध्वनी देतात, त्या गोंगाटातून खरी वस्तू वेगळी काढायची. जमिनीवरच्या रडारचं ठिकाण तरी स्थिर असतं. जहाजाला समोरच्याला शोधण्याआधी आपण स्वतः कुठे आहोत आणि किती कललो आहोत, हे सतत ठाऊक असावं लागतं.

चौथी गोष्ट भाच्यानंच शोधून आणली. जहाजावर जागा कमी आणि अँटेना भरपूर. एकीचं बोलणं दुसरीच्या कानात. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटनच्या एचएमएस शेफील्डवर अर्जेंटिनाच्या विमानानं सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं. वीस माणसं गेली. जहाजावर लांब पल्ल्याचं हवाई टेहळणी रडार होतं. विमानं समुद्राला लागून आली. शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं एक वेगळं यंत्रही होतं, पण त्याच वेळी जहाज उपग्रहावरून संदेश पाठवत होतं आणि त्या प्रक्षेपणानं ते यंत्र निकामी केलं होतं. चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी हे एक. भाच्याला यातली एक गोष्ट फार लागली. १९३८ साली ब्रिटिश नौदलाच्या ज्या जहाजावर पहिल्यांदा रडार बसवलं, त्याचंही नाव शेफील्डच होतं.

त्या युद्धाच्या धड्यानंतर ब्रिटिशांनी काही आठवड्यांत हेलिकॉप्टरवर रडार बसवलं. मनोरा वाढवता येत नाही, तर मनोराच उडवायचा. हेलिकॉप्टर ३,००० मीटरवर गेलं की त्याचं क्षितिज सव्वादोनशे किलोमीटर होतं. आपल्या नौदलाकडची कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरं हेच करतात. पोटाखालची अँटेना हवेत उघडतात आणि फिरवतात.

"म्हणजे पोरांना टाकीवर न चढवता पतंगाला डोळा बांधायचा," आपा म्हणाली. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती ऐकत होती तर!

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही आज समुद्रावर काय काय आहे ते बघितलं.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आयएनएस कोलकाता १६ ऑगस्ट २०१४ रोजी नौदलात आली. लांबी १६३ मीटर. तिच्या पुढच्या मनोऱ्याच्या वर चारी दिशांना एमएफ-स्टार या एस-बँड रडारचे चार फलक आहेत. मागच्या बाजूला डच मूळ असलेलं एल-बँडचं फिरतं रडार, लांबच्या टेहळणीसाठी. एकाच जहाजावर दोन, कारण एकात सगळं बसत नाही. एमएफ-स्टारचा पल्ला उत्पादक असा सांगतात : उंचावरच्या लढाऊ विमानासाठी २५० किलोमीटरच्या वर आणि पाण्यालगतच्या क्षेपणास्त्रासाठी २५. आमच्या वहीतल्या २८ शी तो २५ चा आकडा इतका जुळला, की भाचा टाळी देऊनच थांबला. कामठी रस्त्यावर कुणालाही जमेल अशा गणितानं आम्ही त्या फलकापर्यंत पोचलो होतो.

हे रडार इस्रायली बनावटीचं. आमच्या घरात या शब्दाबरोबर काय काय येतं, ते वाचकांना वेगळं सांगायला नको. भाच्यानं विचारलं, लिहू का नको? मी म्हटलं, जे आहे ते लिही. अभियांत्रिकीच्या सेमिनारमध्ये बनावट लपवणं हाही खोटेपणाच. त्या रडारबरोबरचं क्षेपणास्त्र भारत आणि इस्रायलनं मिळून बनवलं, डिसेंबर २०१५ मध्ये आयएनएस कोलकातावरूनच ते डागून पाहिलं गेलं. त्याचं नाव बराक. हिब्रूत बराक म्हणजे वीज. अरबीत आणि आपल्या उर्दूत तिलाच बर्क म्हणतात. शब्द एकाच घरातले. माणसांचं तसं नाही.

आयएनएस विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झाली. चाळीस हजारांहून अधिक टनांचं जहाज. तिथे एमएफ-स्टारच्या जोडीला लांब पल्ल्याचं इटालियन एल-बँड रडार आहे, पल्ला ४०० किलोमीटरचा सांगतात. जहाज मोठं झालं की वरचा भार सोसतो आणि विजेचीही सोय होते. पल्ला वाढण्याचं हे एक साधं कारण, जहाज वाढलं.

पण भाच्याच्या प्रश्नाचं खरं टोक वेगळं होतं. शेकडो नव्हे, हजारो किलोमीटर जाणाऱ्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारी अवाढव्य रडारं जहाजावर बसतात का? बसतात. मात्र त्यासाठी ते जहाज लढाऊ उरत नाही. अमेरिकेनं १९५३ साली पाण्यात सोडलेलं एक व्यापारी जहाज पुढे ऑब्झर्वेशन आयलंड झालं. त्याच्या मागच्या डेकवर कोब्रा जूडी नावाचं रडार होतं, जवळपास २५० टनांचा फिरता मनोरा. ते रशियाच्या क्षेपणास्त्र चाचण्या बघायचं. जहाज जवळजवळ रडारसाठीच फिरायचं. नंतर त्याच देशानं त्याहून मोठं एक्स-बँड रडार समुद्रातल्या तेलविहिरीसाठी असतो तशा तरंगत्या फलाटावर बसवलं. चीनची युआन वांग जहाजं याच जातीची. त्यातलं पाचवं ऑगस्ट २०२२ मध्ये श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात आलं, तेव्हा आपल्याकडे केवढी चर्चा झाली ते आठवत असेल.

आणि आपलं आयएनएस ध्रुव. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधलेलं, १७५ मीटर लांबीचं, सप्टेंबर २०२१ मध्ये दाखल झालेलं. डेकवर मोठे पांढरे घुमट, आत रडार. ते का लागतं? ओडिशाच्या किनाऱ्यापाशी अब्दुल कलाम बेट आहे. तिथून पाच हजार किलोमीटरच्या वर पल्ला असलेलं अग्नी-५ सोडलं, की त्याचा शेवटचा टप्पा महासागरावर, किनाऱ्यावरच्या प्रत्येक रडारच्या क्षितिजाखाली होतो. तिथे जमीनच नाही, रडार उभारणार कुठे? म्हणून जहाजानं आधी तिथे जाऊन थांबायचं. म्हणजे आदल्या संध्याकाळी जो फुगवटा आम्हाला नडत होता, तोच इथे जहाजाचं कारण झाला. रडार जहाजावर ठेवणं अवघड आहे, पण काही ठिकाणी ते जहाजावरच ठेवता येतं.

अशक्य असंही एक आहे. क्षितिजापलीकडे बघणारी रडारं असतात, त्यांच्या लहरी वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन पलीकडे उतरतात. पण त्या लहरी दहा मीटरपासून पुढच्या लांबीच्या, म्हणून अँटेनाही तशाच. ऑस्ट्रेलियाच्या जिंदाली रडारच्या अँटेनांची एक रांग जवळपास तीन किलोमीटरची आहे. असं जहाज अजून कुणी बांधलेलं नाही.

वहीच्या शेवटी भाच्यानं निष्कर्ष लिहिला : "शक्य आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. किती उंचीवरच्या वस्तूसाठी, किती मोठ्या जहाजावर आणि कशाच्या बदल्यात, असं विचारायला हवं." मी त्यात काना-मात्रासुद्धा बदलला नाही.

त्यानं आणखी एक यादी केली होती, ती मला नंतर दिसली. कुठली माहिती कुठून घेतली, त्याची. सूत्र पाठ्यपुस्तकातलं, पल्ले उत्पादकांच्या माहितीपत्रकातले, तारखा सरकारी प्रसिद्धीपत्रकांतल्या. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि वेळ. संदर्भ देणं चांगलंच, सगळ्यांनीच द्यावेत. पण वेळ? किती वाजता कुठलं पान उघडलं, हे त्यानं कुणासाठी लिहून ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. वर्गातल्या बाकीच्या मुलांना अशी यादी करावी लागली नसेल.

अशा वेळी कुणीतरी कलाम साहेबांचं नाव घेतंच. मीही घेणार होतो, मग थांबलो. कलाम साहेब मोठे, त्यांच्या नावाचं बेटच आता नकाशावर आहे. पण रडार शिकायला प्रत्येक पोरानं आधी कलाम असल्याचं सिद्ध करावं, हे ओझं कशाला? एखाद्याला साधा, मधल्या फळीतला, पगार घेणारा इंजिनिअर व्हायचं असेल, तर त्यालाही रडार शिकता यायला हवं.

सेमिनारच्या सुरुवातीला त्यानं नदीवरच्या पुलाची गोष्ट सांगितली. १८ मे १९०४, जर्मनीतलं कोलोन शहर. क्रिस्टियान ह्युल्समायर नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणानं ऱ्हाइन नदीच्या पुलापाशी एक यंत्र लावलं. नदीतून जहाज जवळ आलं की यंत्रातली घंटा वाजायची, आणि जहाज पुढे गेलं की थांबायची. रडारचा तो पूर्वज. नौदलांनी त्याला दाद दिली नाही. "समुद्र न बघताही जहाजाचा विचार करता येतो," भाच्यानं वर्गात म्हटलं, "आमच्याकडेही नदी आहे आणि पूल आहे." हे वाक्य माझं नव्हतं, त्याचंच होतं.

परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. "लांब पल्ला, लांब पल्ला म्हणतोस, म्हणजे नेमका किती?" तो म्हणाला, "सर, कशाकडे बघताय त्यावर आहे. विमान असेल तर ४२०, क्षेपणास्त्र असेल तर २८." सरांनी मान हलवली, सही केली. विचारणारा तो मित्र पहिल्या बाकावर होता. नंतर त्यानं वही झेरॉक्सला मागून नेली.

संध्याकाळी आपानं दारातच विचारलं, "काय विचारलं त्यांनी?"

"पल्ला," भाचा म्हणाला.

"अजून काही?"

"अजून काही नाही."

आपा काही बोलली नाही, आत जाऊन चहा ठेवला. ज्याला ती घाबरत होती ते घडलं नव्हतं. पण न घडलेल्या त्या गोष्टीसाठी पोराचे तीन आठवडे गेले होते, आणि ते कुठल्याच निकालपत्रात दिसणार नाहीत. मनोऱ्यावरच्या एका टनासाठी तळाशी किती भार घालावा लागतो, हे आम्ही त्या आठवड्यात वाचलं होतं. ते गणित मला तेव्हा पूर्ण समजलं.

मग मी एकटाच छतावर गेलो. टाकीवर शेजारचं एक पोरगं चढून बसलेलं. चांदरात केव्हाच होऊन गेली होती, तरी ते पश्चिमेकडे बघत होतं. "काय दिसतं रे?" मी विचारलं.

"कामठीचा पूल दिसतो, मामू. खालून नाही दिसत."

त्याला म्हटलं, जपून उतर.